गुलाबी की पांढरी

"जीभ काढ," आई म्हणाली.

मी काढली. भर रस्त्यात, पिठाच्या गिरणीसमोर, पाठीवर दप्तर असताना. आईनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि बाजारात गाय घेणारा माणूस दात बघतो तशी माझी जीभ बघितली. दळण घेऊन आलेल्या दोघी बायका बोलायच्या थांबल्या.

"गुलाबी आहे."

"जीभ गुलाबीच असते," मी म्हणाले. "तुझी पण आहे. काढ बघू."

"वैजू, खरं सांग. तात्यांनी दिली ना गाठी?"

तात्यांनी दिली नव्हती. मीच सुपातला चुरा मूठभर उचलून तोंडात कोंबला होता, आणि तो गुलाबी होता हे मात्र खरं. पण ते सांगायला मी जागेवर नव्हतेच. आईच्या हातातून निसटून मी गिरणीच्या ओट्यावर चढले होते आणि तिथून उड्या मारत होते. का चढले, ते मला माहीत नव्हतं. आपण चढलोय हे मला नेहमी चढल्यावरच कळायचं.

"बघा," आई त्या बायकांना म्हणाली, जणू त्यांनीच विचारलं होतं. "रंग पोटात गेला की हे असं होतं."

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं घर नगरकडच्या एका बाजारगावात, आणि आमचा धंदा गाठींचा. पाडव्याला गुढीवर कडुलिंबाच्या डहाळीशेजारी साखरेची जी माळ लोंबते, जी पोरांच्या गळ्यात घालतात आणि संध्याकाळपर्यंत पोरं जिचा फडशा पाडतात, ती आम्ही करायचो. शिवरात्र झाली की मागच्या पडवीत भट्टी पेटायची. सागवानी साच्यात दोरा बसवायचा, वरून उकळता पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा. पांढऱ्या गाठी, पिवळ्या, केशरी, आणि सगळ्यांत जास्त खपायच्या त्या गुलाबी. धंद्याचे आणि घराचेही मालक तात्या, म्हणजे माझे थोरले काका. माझे पप्पा त्यांचे धाकटे भाऊ. ते पाक ओतायचे, आणि घरात कुणाचंही भांडण लागलं की दोन्ही बाजूंना मान डोलवायचे.

आणि मी, तिसरीतली वैजयंता, गावाच्या तोंडी भिंगरी. शाळेत बाकावर दप्तर बसायचं, मी त्याच्या आसपास असायचे. त्या वर्षी मी खिडकीतून वर्गात उडी टाकली आणि माझं कोपर लागून एका मुलीचा पुढचा दात पडला. दुधाचा असता तर निभावलं असतं. तो नव्हता. मुख्याध्यापकांनी पप्पांना बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी हिला वर्गात घ्यायचं की नाही त्याचा विचार करावा लागेल.

म्हणून आई मला नगरला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भले माणूस होते. मी त्यांच्या वजनकाट्यावर चढत-उतरत असताना ते आईशी शांतपणे बोलत राहिले. "हिला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी ठरत नाही, अंगही ठरत नाही. ती मुद्दाम करत नाही, हे आधी लक्षात घ्या." मग बरंच काही सांगितलं. शाळेशी काय बोलायचं, घरात काय करायचं, लागलं तर औषध कधी सुरू करायचं. आमचा धंदा ऐकल्यावर जाता जाता एवढंच म्हणाले, "खायच्या कृत्रिम रंगांनी काही मुलांचा त्रास थोडा वाढतो असं दिसतं. सगळ्यांचा नाही. काही आठवडे बंद करून बघा, पण तेवढ्यावरच थांबू नका."

परतीच्या एसटीत आईनं त्यातला एकच शब्द घट्ट धरून ठेवला. रंग. बाकीचं सगळं बोलणं नगरच्या स्टँडवरच राहिलं. ते पुढं कामी आलं, पण त्या हंगामात नाही.

मला मात्र तो रंग फार आवडला. खायला तर आवडायचाच, पण आता दुसऱ्याच कारणानं आवडला. आजवर सगळे म्हणायचे, वैजू वाईट आहे, वैजू हट्टी आहे, वैजूच्या अंगात वारं शिरलंय. पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं की वैजूचा दोष नाही, दोष त्या डब्यातल्या गुलाबी भुकटीचा आहे. मला इतकं हलकं वाटलं की मी एसटीच्या दांडीला लोंबकळले, आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या.

घरी आल्यावर आईनं भट्टीसमोर उभं राहून तात्यांना सांगितलं. घरातला रंग बंद करायचा. यंदा सगळ्या गाठी पांढऱ्या.

तात्यांनी झारा कढईत ठेवून दिला. "आगं, काय डोकंबिकं फिरलं का? गुलाबी न्हाई म्हटल्यावर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. आपल्या तीन पिढ्या ह्या गाठी खाऊन मोठ्या झाल्या. कोण चढलं भिंतीवर?"

"दादा, तुम्ही लहानपणी वेशीवरच्या चिंचेवर..." पप्पांनी तोंड उघडलं.

"तू पाक ओत."

"भाऊजी, डॉक्टरांनी सांगितलंय," आई म्हणाली.

"डॉक्टरला काय, बोलायला पैसे पडत्यात का? रंग बंद करा म्हणं! पोरीला शिस्त न्हाई, ते बघ आधी. मी बोलून ठेवलंय. जूनला हिला निवासी शाळेत घालायची. तिथले सर माझ्या वळखीचे हायेत. पहाटे उठवत्यात, मांडी घालून बसवत्यात, हूं का चूं करू देत न्हाईत. वर्षात सरळ होईल."

निवासी शाळा हा शब्द मला नवा नव्हता. वेशीजवळच्या गुंजाळांच्या मुलाला तिथं घातलं होतं. दिवाळीला घरी आला तो कुणाशी बोलेचना, नुसता दाराशी बसून राहायचा, आणि बाहेर गाडी वाजली की घरात पळायचा. मी आईच्या पदराआड गेले आणि तिचा पदर दातात धरला.

"पाठवणार नाही," आई म्हणाली. तिचा आवाज चढला तसा तो फाटला. "रंग बंद केला की ती शांत होते. मी बघितलंय."

"मी न्हाई बघितलं."

"तुम्हाला बघायचंच नाही."

त्या दिवसापासून घरात दोनच पक्ष राहिले. आई दिवसातून दहा वेळा माझी जीभ बघायची. मी जरा शांत बसले की ती तात्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आज रंग नाही ना पोटात." मी काही पाडलं-फोडलं की तात्या म्हणायचे, "आन् आता? आज तर जीभ पांढरी हाय!" मी दोघांच्या मधे उभी, आणि माझं सगळं भविष्य माझ्या जिभेवर.

हे मिटवलं ते सुमनआत्यानं. म्हणजे तिला वाटलं, मिटवलं. आत्या तात्यांची आणि पप्पांची धाकटी बहीण, पलीकडच्या तालुक्यात शाळेत शिकवायची. दर वर्षी पाडव्याच्या आधी ती हाताखाली मदतीला यायची. आल्या दिवशी तिनं दोघांचं भांडण जेवताना ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "तुम्ही दोघं नुसते वाद घालताय. करून बघितलं का कुणी?"

"काय करून बघायचं?" तात्या म्हणाले.

"दोन दिवस. एका दिवशी हिला गुलाबी गाठी द्यायची, एका दिवशी पांढरी. पण कुटून, कोकमच्या सरबतात विरघळवून. स्टीलचा ग्लास. कोकमात रंग दिसत नाही, चवही लागत नाही. कुठल्या दिवशी कुठली, ते फक्त मला माहीत. दोन्ही दिवस हिनं पडवीत पाटावर बसून साच्यात दोरे घालायचे, एक कढई संपेपर्यंत. तुम्ही बघायचं. शेवटी मी सांगेन."

तात्यांना ते पटलं. जिंकायची खात्री असलेल्या माणसाला परीक्षा नेहमीच पटते. "कबूल. रंगानं होत असंल तर यंदा एक गाठी गुलाबी निघायची न्हाई. अन् न्हाई झालं, तर पोरीचा निकाल माझ्या हातात. मग मधे बोलायचं न्हाई, वैजूची आई."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला इतकी खात्री होती की ती लगेच हो म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. पण माझं ठरलं होतं. रंगाच्या दिवशी धुमाकूळ घालायचा, पांढऱ्याच्या दिवशी देवासारखं बसायचं. मग रंग दोषी आणि मी मोकळी. अडचण एकच होती, कुठला दिवस कुठला ते मला कळायला हवं.

सामानाच्या खोलीच्या दाराला बोटभर फट होती. दुपारी आत्या कोकम करायला आत गेली तशी मी त्या फटीला डोळा लावला. आत्यानं फळीवरून गुलाबी गाठी उचलली, खलबत्त्यात टाकली आणि कुटली. गुलाबी! मी पळत जाऊन पाटावर बसले आणि काही माहीत नसल्यासारखा चेहरा केला.

आत्या ग्लास घेऊन आली. मी गटागटा प्यायले.

पुढचं मी कसं सांगू? मला नाटक करायचं होतं, पण करावं लागलंच नाही. ग्लास खाली ठेवला आणि पोटऱ्यांत मुंग्या आल्या. कान तापले. रंग माझ्या अंगातून चालत असलेला मला कळत होता, पोटातून मांड्यांत, मांड्यांतून पावलांत. पहिल्या साच्यात दोरा घातला, दुसऱ्यात घालायला गेले तर बोटं थांबेनात. मी उठले. बसले. पाट उलटा केला. दोऱ्याचं रीळ पायात घेऊन पडवीभर फिरवलं. तात्या ओरडले तशी मी खांबाला धरून गरगर फिरायला लागले, आणि त्यात साच्यांची चळत कोसळली. त्यातला एक साचा आजोबांच्या हातचा होता. तो उभा चिरला.

पप्पांनी झारा सोडून तो उचलला आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले.

"डोळे बघा हिचे!" आई म्हणत होती. "भाऊजी, हे डोळे बघा. आता तरी दिसतंय का?"

"दिसतंय काय? पोर हाय, खेळतीय," तात्या म्हणाले. पण साच्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला होता.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. ती हसत नव्हती की रागावलीही नव्हती.

साचा फुटल्याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून मोठा आनंद होता. हे मी केलं नव्हतं. मी तर पाटावर बसायला आले होते. रंगानं केलं होतं ते, माझ्या अंगात शिरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा फटीला डोळा लावला. आत्यानं पांढरी गाठी उचलली आणि कुटली.

आज बसायचं होतं.

मी ग्लास संपवला, पाटावर मांडी घातली, फ्रॉक गुडघ्यांवरून खाली ओढून पायांवर नीट पसरला. साच्यांची चळत डावीकडे, रीळ मांडीत. पप्पांनी कढई चढवली. मी पहिला साचा उचलला, दोरा घातला, पुढं सरकवला. दुसरा उचलला.

आई भाजी निवडायचं निमित्त करून दारात बसली होती, ती निवडायची थांबली. तात्या मधूनच मान वळवून बघत. मी मान वर केली नाही. समोरून मांजर गेलं, बघितलं नाही. बाहेर बँडवाल्यांचा सराव सुरू झाला, माझ्या खांद्याला एक झटका आला आणि तो मी तिथंच दाबून टाकला. दोरा घातला, साचा सरकवला. दोरा घातला, साचा सरकवला.

तेवढ्यात माझ्या वर्गाच्या घुलेबाई गाठी घ्यायला दुकानात आल्या. बोलत बोलत पडवीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या.

"ही वैजयंता आहे?"

"हो, बाई," आई म्हणाली.

"बरं नाहीये का तिला?"

आईला हसू आलं आणि रडूही आलं. "बरंच आहे, बाई. आजच बरं आहे."

बाई गेल्या. कढई संपत आली. माझ्यासमोर साच्यांची रांग पडवीच्या टोकापर्यंत गेली होती. एकही दोरा वाकडा नव्हता. पप्पांनी शेवटचा साचा भरला आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हंगामात ते पहिल्यांदाच हसले असावेत. लगेच त्यांनी दुसऱ्या घाण्याची साखर कढईत ओतली, कारण पाडवा तोंडावर होता.

आईनं भाजीची परात बाजूला सारली. "आता सांगा, ताई. तसं सांगायचं काही राहिलंच नाही, पण भाऊजींना ऐकायचंय. काल गुलाबी आणि आज पांढरी."

आत्यानं पदराला हात पुसले. "नाही, वहिनी."

"नाही म्हणजे?"

"काल पांढरी होती. आज गुलाबी."

आई आत्याकडे बघत राहिली, आणि मी आईकडे.

"खोटं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मी बघितलंय! काल तू गुलाबी कुटलीस. दाराच्या फटीतून बघितलं मी."

"बघणार हे मला माहीत होतं," आत्या म्हणाली. "वर्गात मला रोज तुझ्यासारखी दोन-चार भेटतात. म्हणून तुझ्या डोळ्यांसमोर एक कुटली आणि खाली वाकून ग्लासात आधीच कुटून ठेवलेली दुसरी टाकली. दोन्ही दिवस. तुला काय वाटतंय आणि पोटात काय आहे, ते वेगळं करायचं होतं मला."

"पण मला झालं होतं! पायांत मुंग्या आल्या होत्या. रंग चालत होता माझ्या अंगातून!"

"झालंच असणार, बाळा. तू खोटं बोलत नाहीस."

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं झालं म्हणावं तर मी जमिनीवरच बसले होते. काल माझ्या अंगातून जे धावलं ते पांढरं होतं. ती नुसती साखर होती. म्हणजे तो साचा रंगानं फोडला नव्हता. म्हणजे तो दात, ती खिडकी, तो गिरणीचा ओटा, त्यातलं काहीच रंगाचं नव्हतं. ते सगळं माझंच होतं. आता दोष ठेवायला माझ्याशिवाय कुणीच उरलं नाही, हे कळून मी आठ वर्षांची पोर भीतीनं गार पडले.

आई तर बसल्या जागी खचली होती. "मी डोळे बघितले होते हिचे," ती पुटपुटत होती. "काल मी स्वतः डोळे बघितले."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मी काय सांगत होतो? रंग पोटात घालून पोरगी कढई संपस्तवर बसली. घुलेबाईंनी स्वतः बघितली. रंग न्हाई अन् आजार न्हाई, नुसते लाड! बसता येतं हिला. आज येतं म्हणजे रोज येतं. इतके दिवस सगळ्यांना खेळवलं हिनं."

"दादा, असं नसतं," आत्या म्हणाली. "दोन ग्लासांनी काही सिद्ध होत नाही. रंगाचं कदाचित हिच्या बाबतीत खरं असेल, कदाचित नसेल. मला एवढंच दाखवायचं होतं की तुम्ही दोघंही जे बघायचंय तेच बघताय. आणि बसता येतं म्हणजे आजार नाही, असं होत नाही..."

"शब्द झाला होता, सुमन. कबूल केलं होतं हिच्या आईनं. आता जूनची वाट कशाला बघायची? पाडवा झाला की मी स्वतः सोडून येतो. सरांना सांगतो, नाटकी हाय, पण बसती. चांगली बसती." ते माझ्याकडे वळले. त्या वेळी ते रागावलेले नव्हते, उलट खूश होते. "ऊठ, वैजू. देवाच्या पाया पड अन् कपडे पिशवीत भरून ठेव आपले."

मी आईकडे बघितलं. ती मधे बोलेल असं मला वाटलं. ती बोलली नाही. तिनं शब्द दिला होता, आणि ज्याच्यावर तिनं सगळा भार टाकला होता तेच तिच्या हातातून गेलं होतं.

मी उठायला गेले आणि पडले.

तात्या हसले. "बघा, पुन्हा नाटक!"

मी पुन्हा हात टेकून उठले. डावा पाय जमिनीला लागलाच नाही, म्हणजे लागला असावा, पण मला कळलं नाही. मी निवलेल्या साच्यांच्या रांगेवर आडवी झाले. फ्रॉक बाजूला सरकला.

सगळ्यांत आधी पप्पांनी बघितलं. पप्पा, जे कधी आवाज चढवत नसत, ते किंचाळले.

माझ्या डाव्या पायाचं मधलं बोट काळंनिळं पडलं होतं आणि करवंदासारखं टरारलं होतं. बुडाशी गाठींचा दोरा होता, एका वर एक किती वेढे ते मीही मोजले नव्हते. तो कातडीत इतका रुतला होता की वरून दिसतच नव्हता, फक्त कडेनं रक्ताची बारीक ओळ आली होती. फ्रॉकच्या घेराला आतून डाग पडले होते.

"अगं आई गं," आत्या म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली.

तात्यांनी दोरा कापायची कात्री उचलली. पण त्यांना कात्रीचं टोक दोऱ्याखाली घालता येईना. शेवटी आईनं त्यांच्या हातातून कात्री घेतली. एकेक वेढा कापला. शेवटचा सुटला तसं रक्त बोटात परत यायला लागलं, आणि तोवर न रडलेली मी गुरासारखी ओरडले.

आईनं मला मांडीत घेतलं. "कुणी बांधला? वैजू, कुणी बांधला हा?"

"मीच."

"का गं? का बांधलास?"

मला हुंदक्यांतून बोलता येत नव्हतं, पण सांगायला तर हवं होतं. त्यांना वाटत होतं मी फुकटच बसले.

"दुखतं ना," मी म्हणाले. "दुखत असलं की बाकीचं अंग हलत नाही. हलायला लागलं की मी आणखी एक वेढा द्यायचे."

घुलेबाई दारात उभ्या होत्या, आई हसत-रडत होती, पप्पा हसले होते, तेव्हा फ्रॉकखाली माझी बोटं काय करत होती ते आता सगळ्यांना दिसत होतं. तात्या माझ्याजवळ येऊन बसले. माझा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि त्या बोटावर फुंकर घालायला लागले, पाकाचा चटका बसला की घालतात तशी. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला वाटलं, ते अजून रागावलेत. मला वाटलं, मी बसले ते पुरेसं झालं नाही.

"तात्या," मी म्हणाले, "उद्या पुन्हा बसते मी. दुसऱ्या पायाला बांधते. पण मला तिकडं नका ना पाठवू."

तात्या माझ्या पायावर वाकले, त्यांचं कपाळ माझ्या घोट्याला लागलं, आणि ते म्हणाले, "न्हाई. न्हाई गं माझी बाय. कुठंच न्हाई पाठवत."

मागं भट्टीवर दुसरी कढई करपायला लागली होती. सगळ्या पडवीत जळक्या साखरेचा वास भरला, तरी ती उतरवायला कुणी उठलं नाही.